भोंगळी सायकल

जुन्या माउंटन बाईकला मडगार्ड असावं की नसावं, यावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर येतात. बँकेच्या माणसाला यात दिसतो तो एकच प्रश्न : ओपनिंग बॅलन्स कोणत्या तारखेचा धरायचा?

'नसावं'वाले १९७६ साल धरतात. त्या वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण डोंगरावरून सायकली पिटाळत उतरण्याच्या शर्यती लावू लागले. उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. ते पुन्हा भरावं लागे, म्हणून शर्यतीचंच नाव पडलं 'रिपॅक'. (आमच्याकडे एवढ्यावर चौकशी समिती बसली असती.) पुढच्या वर्षी जो ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेम बनवली आणि १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' दुकानांत आली. या घराण्यात मडगार्डाला स्थान नाही, असं म्हणतात.

पण त्या तरुणांनी सुरुवात केली ती १९३०-४० च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जुन्या, फुगीर टायरांच्या सायकलींवर. कंपनीनं त्यांना चांगली पत्र्याची मडगार्डं दिली होती. या पोरांनी ती वजन नको म्हणून उपटून फेकली. वंशावळ सांगताना आजोबांना गाळलं, की सोवळं पाळणं सोपं जातं!

शिवाय मडगार्ड उपटण्याचा मान कॅलिफोर्नियाला द्यायला मी तयार नाही. राजूर, तालुका वणी; कोळसा आणि चुना यांचं गाव. भोवती विदर्भाची काळी माती. पाणी प्यायली की ती फुगते आणि जामीनदाराला कर्ज चिकटावं तशी चाकाला चिकटते. टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा जेमतेम दोन बोटं. ती भरली की चाक ठप्प. काडीनं उकरा, चार पावलं ढकला, पुन्हा उकरा. शेवटी सायकल माणसावर बसते. शेताकडे जाणाऱ्यांनी पुढचं मडगार्ड काढून टाकलं, ते कुणाची शर्यत पाहून नव्हे. डांबरी रस्त्यावर मात्र तेच नसेल, तर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ उमटते आणि साहेबांना ती फायलीआधी दिसते.

आमच्या शाखेतल्या एका तरुणानं परवा वडिलांची १९९० च्या दशकातली रेंजर माळ्यावरून काढली. दुकानदारानं तेव्हा बसवून दिलेल्या मडगार्ड, स्टँड, कॅरियरसकट. वडील तिच्यावरून खाणीत पाळीला जात. चिरंजीवांना ती 'विंटेज' करायची होती. मडगार्डं भंगारात जाणार होती.

"मडगार्ड काढलं का सायकल भोंगळी दिसते," वडील म्हणाले.

मी मध्यस्थ म्हणून गेलो होतो, कॅलिफोर्नियाचा सगळा इतिहास तोंडपाठ करून. तो कुणी ऐकला नाही. चिरंजीव पाना लावायला वाकले आणि थबकले. पुढच्या मडगार्डाचा नट पार गुळगुळीत झाला होता.

"दर मिरगाले काढो, दसऱ्याले लावो," वडील म्हणाले. "मागचं कधी नाही काढलं. कॅरियरवर डबा राहे ना."

चिरंजीवांनी तो नट फडक्यानं पुसला आणि पुन्हा हातानंच आवळला. पाना लागलाच नसता त्याला.