सातवा दिवस कोणाचा?

पोलादाच्या कारखान्याला वार नसतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या दिवसापासून या गावाचा आठवडा बदलला. झोतभट्टी ही काही घरची चूल नव्हे. रात्री विझवावी आणि सकाळी पुन्हा पेटवावी अशी तिची रीत नाही. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अखंड चालवावी लागते, आणि तिच्या तैनातीला माणसेही अखंड उभी करावी लागतात. म्हणून फाटकाबाहेर सोमवार-मंगळवार असतात आणि फाटकाच्या आत केवळ पाळ्या असतात. एकाची साप्ताहिक सुटी मंगळवारी, तर त्याच्या शेजाऱ्याची शुक्रवारी. नागपूर-पुण्याकडून बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या मनात रविवार आणि विसावा या दोन गोष्टींची जी गाठ लहानपणापासून बसलेली असते, ती येथे हळूहळू सुटते.

ती गाठ मुळात कशी बसली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सात दिवसांतून एक दिवस काम थांबवावे ही कल्पना आपल्याकडे ख्रिस्ती राज्यकर्त्यांबरोबर रूढ झाली हे खरे. परंतु तो एक दिवस कोणता, या प्रश्नावर खुद्द ख्रिस्ती धर्मातच सोळाशे वर्षांहून अधिक काळ वाद झाला आहे. आणि त्या वादाचे काही धागे गोव्यातून, कोकणातून व पुण्यातून गेलेले आहेत. वरवर पाहता तो वाद वाराच्या नावाचा आहे. किंचित खोल गेले म्हणजे दिसते, की माणसाच्या श्रमावर धन्याचा हक्क कोठवर चालतो, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

मोशेच्या दहा आज्ञांत शब्बाथाची आज्ञा येते. सहा दिवस काम करावे आणि सातवा दिवस पवित्र मानून विसावा घ्यावा, असा तिचा आशय. ही आज्ञा बायबलात दोन ठिकाणी सांगितली आहे आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण निराळे दिले आहे. निर्गमाच्या पुस्तकात कारण ईश्वराचे आहे: सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी त्याने विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात कारण दासाचे आहे: तूही एके काळी मिसर देशात गुलाम होतास, याचे स्मरण ठेव. म्हणूनच या आज्ञेत घरधन्याबरोबर चाकर, दासी, परका पाहुणा आणि बैलदेखील मोजले आहेत. गुलामाला काम थांबविण्याचा अधिकार नसतो. ज्याला तो अधिकार आहे, तो गुलाम नाही. शब्बाथाचे सारे मर्म या एवढ्या गोष्टीत सामावलेले आहे.

मराठी मुलखाला हा दिवस ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पूर्वीच ठाऊक होता. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावरील बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. त्यावरून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो; यहुदी दिवस मात्र सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे शुक्रवारी दिवेलागणीला घाणा थांबे आणि शनिवारी सूर्य मावळल्यावर मोकळा होई. शेजारच्या हिंदूंना त्यात नवल वाटले असेल, पण राग आल्याचे दिसत नाही. शनिवारी न फिरणारा घाणा हा कोणाचा अपराध ठरला नाही. एका जातीची ती ओळख ठरली, इतकेच.

ख्रिस्ती धर्मात वार बदलला तो एका दिवसात नव्हे. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदीच होते व शब्बाथ पाळीत होते. शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्याला बरे करावे की नाही, यावर येशूचे शास्त्र्यांशी वाद झाले, पण ते दिवस कसा पाळावा याविषयीचे होते. येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले अशी श्रद्धा असल्याने रविवारी एकत्र जमण्याचा प्रघात लवकरच पडला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये जस्टिनने त्याचे वर्णन केले आहे. तथापि उपासनेचा दिवस वेगळा आणि विसाव्याचा दिवस वेगळा. रविवार हा विसाव्याचा दिवस झाला तो राजाज्ञेने. ७ मार्च ३२१ रोजी सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढून सूर्याच्या दिवशी न्यायाधीशांनी, नगरवासीयांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावे असे ठरविले. शेतकऱ्याला मात्र हंगाम चुकू नये म्हणून मोकळीक दिली. पुढे त्याच शतकात लाओदिकिया येथील धर्मसभेने ख्रिस्ती माणसांनी शनिवारी विसावा घेऊ नये, त्या दिवशी काम करावे, असा नियम केला. जे कोणी करीतच नाही त्याला बंदी घालण्याचे कारण पडत नाही. याचा अर्थ, चौथ्या शतकातही पुष्कळ ख्रिस्ती लोक शनिवार पाळीत होते.

सर्वच चर्चांनी तो नियम मानला असेही नाही. हबसाणात, म्हणजे इथिओपियात, चौदाव्या शतकात एवोस्ताटेवोस नावाच्या साधूने शनिवार व रविवार हे दोन्ही शब्बाथ पाळावेत असा आग्रह धरला. त्याच्या अनुयायांचा प्रथम छळ झाला. परंतु सम्राट झारा याकोब याच्या कारकीर्दीत १४५० च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेने दोन्ही दिवसांना मान्यता दिली. पुढच्या शतकात या प्रश्नाचा संबंध थेट गोव्याशी आला. १५५५ साली गोव्याहून जेझुइट पाद्री हबसाणात गेले आणि तेथील ख्रिस्ती लोक यहुद्यांसारखा शनिवार पाळतात, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक आक्षेप होता. सम्राट गेलावदेवोस याने आपल्या श्रद्धेचे एक निवेदनच लिहून त्यांना उत्तर दिले. पुढे सम्राट सुसेन्योस याने १६२२ मध्ये रोमचा पंथ स्वीकारला व जुन्या शब्बाथावर बंदी घातली. देशात बंडे झाली, रक्तपात झाला, आणि १६३२ साली त्याला जुना धर्म परत देऊन सिंहासन सोडावे लागले.

गोव्यात या प्रश्नाने याहून भीषण रूप धारण केले. पोर्तुगालमध्ये १४९७ साली यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला होता. अशा ‘नवख्रिस्ती’ घराण्यांतील अनेक जण व्यापारासाठी किंवा भयाने गोव्यास आले. १५६० साली तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षणाचे न्यायासन, स्थापन झाले. नवख्रिस्ती मनुष्य गुप्तपणे यहुदी धर्म पाळतो की काय, हे ओळखण्याच्या ज्या खुणा पोर्तुगीज न्यायासनाने १५३६ पासून जाहीर केल्या होत्या, त्या पाहिल्या म्हणजे मन थक्क होते: शनिवारी धुतलेला सदरा घालणे, शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ दिवे लावणे, शनिवारचे जेवण शुक्रवारीच शिजवून ठेवणे, शनिवारी कामाला हात न लावणे. शेजारणीने खिडकीतून पाहिलेला धुवट सदरा हा पुरावा होई. यातील विसंगती अशी, की पोर्तुगीज भाषेत शनिवारचे नावच ‘साबादु’, म्हणजे शब्बाथ, असे आहे. जो शब्द न्यायाधीशाच्या तोंडी रोज होता, त्याचाच अर्थ आचरणे हा गुन्हा ठरला.

मुंबई बेटाचा पट्टा ज्याच्याकडे होता आणि भारतीय औषधींवरील ज्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, तो वैद्य गार्सिया द ऑर्टा हा अशाच नवख्रिस्ती घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. आणि १५८० साली खुद्द ऑर्टाची हाडे उकरून त्यांची राख करण्यात आली. कोकणच्याच किनाऱ्यावर, गोव्याच्या उत्तरेस, त्या काळी शनिवार तेल्यांचे घाणे दर शनिवारी निर्वेधपणे थांबत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दिवस पाळण्याचे मोल जागेप्रमाणे कसे बदलते ते कळते.

प्रॉटेस्टंट पंथांत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. शास्त्र हेच एकमेव प्रमाण मानावयाचे, तर शनिवारचा रविवार कोणत्या वचनाने झाला, असे सतराव्या शतकात इंग्लंडमधील काही बाप्टिस्टांनी विचारले व ते सातवा दिवस पाळू लागले. त्यांची एक शाखा अमेरिकेत गेली. त्यांच्यातील रेचेल ओक्स या बाईंमुळे न्यू हँपशायरमधील एका लहानशा मंडळीत १८४४ च्या सुमारास हा विचार शिरला. आणि त्यातूनच ‘सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट’ हा संप्रदाय १८६३ मध्ये संघटित झाला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते नोकरी, व्यापार व खरेदी-विक्री बंद ठेवतात. आजाऱ्याची शुश्रूषा मात्र त्यांना वर्ज्य नाही. त्यांचे पहिले प्रचारक १८९३ मध्ये मद्रासेस आले. महाराष्ट्रात पुणे हे त्यांचे मोठे केंद्र झाले: सॅलिसबरी पार्कातील त्यांचे मुद्रणालय, आणि १९४२ साली बंगळूरजवळून पुण्यास हलविलेले स्पायसर महाविद्यालय, ज्याचे २०१४ मध्ये विद्यापीठ झाले. अशा लोकांची अडचण राजाच्या क्रोधाची नसते. ती वेळापत्रकाची असते. परीक्षा शनिवारी येते, कचेरी शनिवारी उघडी असते. केंद्र सरकारने १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा केला, आणि छत्तीसगड शासनाने तो २०२२ मध्ये स्वीकारला, तेव्हा कारकुनाच्या पेशातील शब्बाथ पाळणाऱ्याची अडचण अनायासे दूर झाली. कामगाराची झाली नाही.

या कामगाराचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोहोचला होता. साउथ कॅरोलायना राज्यातील कापडगिरणीत काम करणाऱ्या ॲडेल शर्बर्ट या बाईंनी १९५७ मध्ये हा पंथ स्वीकारला. १९५९ मध्ये गिरणीने शनिवारचे काम सक्तीचे केले. त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. बेकारभत्ताही राज्याने नाकारला. १९६३ साली न्यायालयाने निर्णय दिला, की श्रद्धा किंवा भाकरी यांतील एक निवडण्यास शासनाने नागरिकाला भाग पाडू नये.

गिरणीचा उल्लेख आला म्हणजे मराठी वाचकाला नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कचेऱ्यांना रविवारची सुटी इंग्रजी अमलाबरोबर आली होती. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये साप्ताहिक सुटीची मागणी मांडली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार मागताना हा आमच्या खंडोबाचा वार, ही बाजूही मांडली गेली. कॉन्स्टंटाइनचा सूर्यवार जेजुरीच्या देवाच्या नावाने कामगाराने आपलासा केला, यात लबाडी मुळीच नव्हती. अनुवादाच्या पुस्तकातील दासाचे कारण लोखंड्यांनी ते नाव न घेता पुन्हा उच्चारले होते.

आता भिलाईकडे वळू. २ फेब्रुवारी १९५५ च्या करारान्वये हा कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभा राहिला. त्या रशियाने १९२९ साली सात दिवसांचा आठवडाच मोडून टाकला होता. यंत्रे अखंड चालावीत आणि धर्माचा वारही पुसला जावा, म्हणून पाच दिवसांचा आठवडा करून दर दिवशी एकपंचमांश कामगारांना सुटी देण्यात आली. विसावा पूर्वीपेक्षा अधिक वेळा मिळू लागला. पण नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांच्या शाळेची तिसऱ्या, अशी घरे विस्कटली. १९३१ मध्ये तो पाचाचा सहा दिवसांचा झाला, आणि जून १९४० मध्ये निमूटपणे सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आला. भिलाईस आलेल्या रशियन तंत्रज्ञांपैकी जे चाळिशी ओलांडलेले होते, त्यांनी हा प्रयोग आपल्या देशात पाहिलेला होता.

भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने मधला मार्ग काढला. त्याचे बावन्नावे कलम २०२५ पर्यंत रविवार हाच सुटीचा दिवस धरीत असे. पण त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी दिल्यास रविवारी काम घेता येई, आणि दहा दिवसांहून अधिक काळ सलग काम घेता येत नसे. हा नियम शहाणपणाचा होता. त्याने विसावा राखला. परंतु दिवस कोणता, हे ठरविणे त्याने धन्याच्या हाती ठेवले. आणि शब्बाथाचा जुना वाद नेमका याच जागी उभा आहे.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणेही न्याय्य आहे. भट्टी थांबत नाही. एकाने शनिवार पाळावयाचा, तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला शनिवारी धग सोसावी लागते. आणि जो शब्बाथ दुसऱ्याच्या पाठीवर उभा राहतो तो दासाच्या कारणाला धरून नाही. पण त्याचे उत्तरही त्याच आज्ञेत आहे. ज्याला शनिवार हवा त्याने दुसऱ्याचा रविवार, ईद किंवा दिवाळीचा पाडवा आपल्या शिरावर घ्यावा. अशी अदलाबदल पोलादाच्या उत्पादनात तसूभर फरक पाडीत नाही. तिला फर्मान लागत नाही, धर्मसभा लागत नाही. पाळ्यांचा तक्ता ज्याच्या सहीने निघतो त्या अधिकाऱ्याने विनंतीचा कागद वाचून पाहण्याची तसदी तेवढी लागते. गोव्याच्या न्यायासनापुढे असा कागद कोणाला देता येत नव्हता. आपल्या टेबलावर तो येऊ शकतो.