नागसेनवन आणि औरंगाबाद शहर

बीडच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या पायथ्याशी, बिंदुसरा नदीच्या काठी पाली हे गाव वसले आहे. सोलापूरहून औरंगाबादकडे जाणारा मार्ग या गावावरून जातो. पालीपासून औरंगाबाद सव्वाशे किलोमीटरांहून थोडे अधिक दूर आहे. १९५० पूर्वी अशा गावातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातील मुलाला उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हे अंतर जवळजवळ अनुल्लंघनीय होते. मिलिंद महाविद्यालयाचा इतिहास पाहताना प्रथम या अंतराचा विचार करावयास हवा.

बीड जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि पदवीसाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्यास हैदराबाद गाठावे लागे. ज्याच्या मातृभाषेला विद्यापीठात स्थान नव्हते आणि ज्याच्या जातीला शहरात भाड्याची खोली मिळणे कठीण होते, त्याच्यापुढे अडचणींची दुहेरी भिंत उभी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यामुळे राजकीय परिस्थिती पालटली, परंतु महाविद्यालयाची उणीव तशीच राहिली.

ही उणीव भरून काढण्याचे कार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हाती घेतले. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केल्यानंतर संस्थेने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. प्राचार्यपदाची धुरा म. भि. चिटणीस यांनी वाहिली. महाविद्यालयास पुढे 'मिलिंद' आणि परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो व भिक्षू नागसेन उत्तरे देतो. महाविद्यालयाला प्रश्नकर्त्याचे नाव देण्यात जो संकेत आहे, तो सहज ध्यानात येण्यासारखा आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांशी या संस्थेची तुलना उद्‌बोधक ठरते. नॅशव्हिल येथील फिस्क (१८६६) व वॉशिंग्टन येथील हॉवर्ड (१८६७) ही विद्यापीठे दास्यमुक्तीनंतर लवकरच उदयास आली. आंबेडकरांना या प्रश्नाची जाण होती. १९४६ मध्ये त्यांनी फिस्कचे माजी विद्यार्थी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कायद्यानेच वर्णभेद लादला होता. मिलिंदचे दार मात्र सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते. ज्यांना अन्यत्र प्रवेश दुर्लभ, त्यांची येथे विशेष काळजी घेतली जाई, इतकेच. येथील वसतिगृह हे केवळ निवासस्थान नव्हते. शहराने नाकारलेली जागा त्याने दिली, आणि त्यामुळेच गावापासून वर्गापर्यंतचा मार्ग मोकळा झाला.

१९५१ मध्ये औरंगाबादची लोकसंख्या एक लाखाहूनही कमी होती. अशा शहराच्या जीवनावर या वस्तीचा परिणाम होणे अपरिहार्य होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले आणि नागसेनवनाच्या पलीकडे, लेण्यांच्या डोंगरापर्यंतचा भाग विद्येचा परिसर बनला. मिलिंदचे एक प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत अध्ययन करून आले होते. निग्रो साहित्याचा परिचय त्यांनी येथील तरुण लेखकांना करून दिला. १९६७ मध्ये येथूनच 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. पुढे 'अस्मितादर्श' या नावाने गंगाधर पानतावणे यांनी ते दीर्घकाळ चालविले. दलित साहित्याच्या चळवळीचे एक उगमस्थान मुंबईच्या गिरणगावात होते, तसे दुसरे नागसेनवनात होते.

परंतु पदवी मिळाली म्हणून प्रतिष्ठाही मिळते, असे नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत करताच मराठवाड्यात दंगली उसळल्या. वाद शहरातील विद्यापीठाच्या नावाचा होता. घरे जळली ती मात्र खेड्यांतील दलित वस्त्यांमधील. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली, आणि १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला.

सोळा वर्षांचा हा संघर्ष केवळ एका पाटीसाठी झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना शाळेच्या ओसरीवर बसावे लागले, त्यांचा विद्यापीठावर इतरांइतकाच हक्क आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. नागसेनवनाने तो विचारावयास शिकविले होते, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत खेड्यांनी मोजली.

२०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. बीड जिल्हा आजही याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे. पालीचा विद्यार्थी बीडच्या महाविद्यालयात शिकला, तरी त्याच्या पदवीपत्रावर ते नाव असते. सव्वाशे किलोमीटरांचे अंतर किती कमी झाले, याचे ते एक प्रमाण होय. किती उरले, हे मात्र गावात परतल्यावरच कळते.