हिमनांगराची निवड

नांगर म्हटला की शेत डोळ्यांसमोर येते. परंतु ज्या देशांत हिवाळाभर रस्ते बर्फाखाली जातात, तेथे वाट मोकळी करणाऱ्या अवजारालाही नांगरच म्हणतात. दोहोंत एक भेद आहे. शेताचा नांगर माती जागच्या जागी उलथतो. हिमनांगराला मात्र सारलेले बर्फ कोठेतरी टाकावेच लागते. ते कोठे टाकावयाचे, या प्रश्नाभोवती या अवजाराचा सारा इतिहास फिरला आहे.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १८६२ साली घोड्यांनी ओढावयाचे हिमनांगर वापरात आले. गाड्यांचे मार्ग खुले झाले. पण बर्फाचे ढीग दुकानांच्या दारांशी आणि पादचाऱ्यांच्या वाटेवर साचू लागले. गाडीवानाची सोय ती दुकानदाराची अडचण झाली! अखेर ते ढीग गाड्यांत भरून नदीकाठी नेण्यासाठी शहरांना मजूर लावावे लागले.

रेल्वेपुढील पेच याहून बिकट होता. डोंगर कापून काढलेल्या मार्गात दोन्ही बाजूंना दरडी. तेथे बर्फ सारणार कोठे? टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ साली फिरत्या चक्राने बर्फ उडविण्याची कल्पना मांडली. पुढे ऑरेंज जल यांनी तिच्यात सुधारणा केल्या आणि १८८०नंतरच्या दशकात ती रुळांवर आली. सडकेसाठी हेच तत्त्व क्वेबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ साली स्वयंचलित यंत्रात उतरविले.

आजच्या ग्राहकालाही हा इतिहास उपयोगी पडतो. घरापुढील वाट आखूड, फरसबंद आणि बर्फ वीतभर असेल, तर फावडे किंवा एका चक्राचे लहान यंत्र पुरते. वाट खडीची असेल, तर जमिनीला घासणारे चक्र खडेही भिरकावते. तेथे जमिनीपासून किंचित वर राहणारे दोन टप्प्यांचे यंत्र बरे. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या विस्तीर्ण आवारासाठी मालमोटारीला जोडावयाचे पाते लागते. मात्र त्याचा भार मोटारीच्या पुढच्या आसाला पेलला पाहिजे. अस्पर्श, खोल थर फोडण्यास टोकदार, दुपाखी पाते चांगले. ढीग रचण्यास जागाच नसेल, तर बर्फ उडवून वाहनात भरणारे यंत्र हवे.

यंत्र निवडले म्हणजे काम संपत नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कवर हिमवादळ आले, तेव्हा बर्फ हटविण्याची बरीच यंत्रे नादुरुस्त होती. क्वीन्स विभागातील रस्ते कित्येक दिवस बंद राहिले आणि शहरात ४२ माणसे मृत्युमुखी पडली. हिमनांगराची खरी परीक्षा दुकानात होत नाही; ती पहिल्या हिमवर्षावाच्या पहाटे होते.