अर्धा सेंट

अमेरिकेतल्या शेती-अनुदानाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "इथल्या शेतकऱ्याला पीक न घेण्याचे पैसे मिळतात!" खरंय. पण शेतकरी म्हणजे नक्की कोण? जमीन ज्याच्या नावावर तो, की जो ती कसतो तो? या प्रश्नाचं उत्तर १९३३-३४ साली आर्कान्सामधल्या पॉइन्सेट काउंटीत (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा) फार महागात पडलं.

तर झालं असं. मंदीत कापसाचा भाव पौंडाला पाच-सहा सेंटपर्यंत कोसळला होता. रूझवेल्ट सरकारने मे १९३३ मध्ये कायदा केला की शेतकऱ्याने लागवड कमी करावी, सरकार भरपाई देईल. पण तोवर पेरणी होऊन गेली होती. मग त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला. रोपांवर पाय न देण्याची सवय लावलेली खेचरं ओळीत पाऊल टाकायलाच तयार होईनात, असा किस्सा सांगतात. असो.

पॉइन्सेटमधल्या मोठ्या मळ्यांवर राबणारी बरीचशी कुटुंबं वाटेकरी होती, गोरी आणि काळी दोन्ही. आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच: जमीन, बियाणं, जनावरं मालकाची, मेहनत यांची, पीक निम्मं-निम्मं. शिवाय वर्षभराची उधारी बहुतेक वेळा मालकाच्याच दुकानात, त्यामुळे हिशेबही त्याचाच.

१९३४-३५ च्या करारात पौंडामागे दोन रकमा होत्या. पडीक ठेवलेल्या जमिनीचं भाडं साडेतीन सेंट, आणि वर एक सेंट भावफरक. भाडं सगळं मालकाला. भावफरकातला निम्मा वाटेकऱ्याला, म्हणजे अर्धा सेंट. बाकी चार मालकाचे. हा अर्धा सेंटही मालकाच्या हातून यायचा, आणि वाटेत उधारीत वळता व्हायचा! तक्रार करायची तर स्थानिक समितीकडे, जिच्यावर बहुधा मळेवाल्यांचंच वजन.

आता जमीन कमी कसायची तर माणसं तरी कशाला हवीत? करारात सातवं कलम होतं: मालकाने कुळांची संख्या "शक्य तितपत" कायम ठेवावी. आमच्या धंद्यात रिक्वायरमेंटमध्ये "शक्य तितपत" आलं की ती रिक्वायरमेंट मेलीच म्हणून समजा. टायरॉन्झा गावाजवळच्या हायरम नॉरक्रॉस नावाच्या मालकाने वीसेक कुटुंबं काढून टाकली.

जुलै १९३४ मध्ये त्याच्याच मळ्यावरच्या शाळेत अठरा माणसं जमली, अकरा गोरी, सात काळी, आणि दक्षिणी कूळ-शेतकरी संघटना उभी राहिली. पुढाकार कुणाचा, तर एक कपडे ड्रायक्लीन करणारा एच. एल. मिचेल आणि एक पेट्रोलपंपवाला क्ले ईस्ट. दोघांच्या संघटना वेगळ्या काढायच्या का, यावर चर्चा झाली, आणि एकच ठेवायची ठरलं. याच राज्यात एलेन गावाजवळ १९१९ साली काळ्या वाटेकऱ्यांनी संघटना काढली म्हणून त्यांचं हत्याकांड झालं होतं. ते आठवलं की त्या खोलीत बसायला काय छाती लागली असेल ते कळतं.

संघटना नॉरक्रॉसविरुद्ध कोर्टात गेली, हरली. वॉशिंग्टनला खात्याच्या विधी विभागातल्या तरुण वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ लावला की नुसती संख्या नव्हे, तीच माणसं ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये विभागप्रमुख जेरोम फ्रँकसह त्यातल्या अनेकांना घरी पाठवलं. आर्कान्सात चौकशीला गेलेल्या मेरी कॉनर मायर्स यांचा अहवाल खात्याने प्रसिद्धच केला नाही.

पुढे वाटेकऱ्याला त्याचा हिस्सा थेट द्यायची सुधारणा झाली. मग मालकांना सोपा हिशेब सापडला: वाटेकरीच ठेवू नका, रोजंदारीची माणसं ठेवा. वाटणी नाही, अनुदान सगळं आपलं, वर त्यातून ट्रॅक्टर. (कूळकायदा येणार म्हटल्यावर आपल्याकडे किती जमिनी रातोरात "स्वतः कसायला" लागल्या, ते आठवतंय ना?) मंदी आणि यंत्रं यांचाही वाटा त्यात होताच. पण १९३० मध्ये दक्षिणेत पावणेआठ लाखांच्या आसपास असलेले वाटेकरी १९४० च्या गणनेत साडेपाच लाखांच्या खाली आले होते.