उपनगरांतली रिड्यूसर दुरुस्ती

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये रिड्यूसर असतो. भरलेल्या टाकीत गॅस सुमारे 200 बार दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाबाने कोंडलेला असतो. कार्बुरेटरच्या इंजिनाला मात्र तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या आसपास लागतो. हा उतार दोन-तीन टप्प्यांत पार पडतो, आणि प्रत्येक टप्प्यात एक रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि बारीक भोकावर बसणारी सीट काम करते. पाणबुड्याच्या किंवा पेंटबॉलच्या हवेच्या टाकीवरचा रेग्युलेटरही याच तत्त्वावर चालतो. मुंबईच्या उपनगरांत हे यंत्र रिक्षा-टॅक्सींबरोबर आले आणि त्याच्या दुरुस्तीचा वेगळा धंदा उभा राहिला.

1974 मध्ये मुंबई हाय हे समुद्रातले तेल-वायू क्षेत्र सापडले आणि तिथला वायू उरणला उतरू लागला. तो शहरात वाटण्यासाठी 8 मे 1995 रोजी महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. खरी गती न्यायालयामुळे मिळाली. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 1999 मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढच्या आदेशांनी जुन्या टॅक्सी-रिक्षांना स्वच्छ इंधनाकडे वळावे लागले. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही. त्यामुळे रिक्षांच्या बदलाचा भार अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा भागांतल्या गॅरेजांवर पडला. हा इतिहास बहुधा निकाल आणि पाइपलाइन यांचाच सांगितला जातो. कारागिरांचा वाटा त्यात राहून जातो, आणि तो मोठा आहे.

कार्बुरेटरमध्ये मुरलेल्या मेकॅनिकला दोष डोळ्यांनी दिसत असे: पेट्रोल ठिबकले, जेट तुंबले, फुंकून साफ केले. गॅस दिसत नाही. लोव्हाटो, बीआरसी, लांडी रेन्झो या इटालियन नावांच्या किटबरोबर दाब मोजून विचार करण्याची सवय लावून घ्यावी लागली. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर बिघडला तर एजन्सी दुसरा देते, तो कोणी उघडत नाही. गाडीचा रिड्यूसर मात्र महाग. म्हणून पडदे आणि ओ-रिंगांचा रिपेअर संच आणून तो पुन्हा बांधला जाऊ लागला.

बांधणीपेक्षा अवघड असते ती नंतरची तपासणी. टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडून जोडांवर साबणाचा फेस लावतात. झाकणाच्या कडेला बुडबुडे आले, तर पडदा दुमडलेला असतो किंवा स्क्रू एका बाजूने आधी आवळलेले असतात. ते समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळायचे असतात. गळती सापडली तरी दाबाखाली नटला पाना लावायचा नाही: व्हॉल्व्ह बंद करून नळीतला गॅस आधी सोडून द्यावा लागतो. फसवा दोष आतला. गाडी उभी आहे, गॅसचा खप नाही, तरी पहिल्या टप्प्याच्या गेजचा काटा हळूहळू चढतच राहतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो. याचा अर्थ सीट पूर्ण बसत नाही. तिच्यावर ओरखडा असतो, किंवा बांधताना एखादा कण अडकलेला असतो. नवखा माणूस अशा वेळी स्प्रिंगचा स्क्रू फिरवत बसतो. त्याने आकडा खाली येतो, चढण थांबत नाही. उभ्या गाडीत दाब ठीक, पण चढावर गाडी दम टाकत असेल, तर आधी फिल्टर पाहावा.

दाब उतरताना गॅस फार थंड होतो. म्हणून मोटारीत इंजिनाचे गरम पाणी रिड्यूसरभोवती फिरवतात. दुरुस्तीनंतर त्या नळीत हवा अडकली, तर मुंबईच्या उकाड्यातही रिड्यूसरवर बर्फ धरतो आणि पडदा ताठरतो. पंपावरच्या कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर येणारे तेल हा दुसरा शत्रू. ते आत साचून रबर बिघडवते, आणि नवा पडदाही लवकर निकामी होतो.

टाकीचे काम मात्र गॅरेजच्या हाती दिलेले नाही. गाडीतल्या सिलिंडरची दर 3 वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते. त्या केंद्रांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. पाणी दाबाने फारसे आकसत नाही, त्यामुळे सिलिंडर फुटला तरी गॅससारखा स्फोट होत नाही.

पुढे कारखान्यातूनच सीएनजी बसवलेल्या गाड्या येऊ लागल्या, आणि मोटारींमध्ये कार्बुरेटरची जागा इंजेक्टरने घेतली. आता रिड्यूसर इंजेक्टरला काही बारचा ठरावीक दाब पुरवतो, मिश्रणाचे प्रमाण संगणक ठरवतो आणि दोष लॅपटॉपवर वाचला जातो. लॅपटॉपवर दाब कमी-जास्त झाल्याचे दिसते. तो सीटमुळे की फिल्टरमुळे, हे ठरवायला रिड्यूसर अजूनही उघडावाच लागतो.