जे शहर सोडून गेले नाहीत

इसवी सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींना लागून असलेल्या दाट वस्तीत, माणसे तापाने अचानक मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ यायची आणि दोन-चार दिवसांत सारे संपायचे. त्या भागात रुग्ण तपासणारे डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे सुपुत्र व मुंबई महापालिकेचे सभासद. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे स्पष्ट सांगितले की, ही गाठीची साथ म्हणजेच प्लेग होय. प्रथम त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसेना. व्यापाराचे शहर, बंदर बंद पडेल, परदेशी जहाजे फिरकणार नाहीत, अशी भीती होती. अखेर त्यांचे निदान पडताळून पाहण्यास तज्ज्ञांची चार पथके नेमली गेली आणि ते खरे ठरले. धोबीतलावावर मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्याजवळून रोज हजारो माणसे जातात. थांबून नाव वाचणारे विरळाच.

त्या साथीचा इतिहास आपण बहुधा चार-दोन नावांत आटोपतो. हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्याच अंगावर लशीचा प्रयोग केला, पुण्यात रँडचा जुलूम झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. हे सारे आठवणीत राहावे असेच आहे. परंतु या लेखात मला वेगळ्याच माणसांविषयी लिहावयाचे आहे. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या आठ लाख वीस हजारांच्या घरात होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे आगगाडीने, गलबताने, पायी, मिळेल त्या मार्गाने शहर सोडून गेली होती. तरीही शहर मेले नाही. कारण काहीजण गेले नाहीत.

ते हलालखोर आणि बिगारी होते. हे शब्द आज फारसे कानी पडत नाहीत. त्या काळी मुंबईच्या बहुतांश भागात बंदिस्त गटारे नव्हती. घरांच्या मागील बाजूस अरुंद बोळ असे, त्यातून हलालखोर शिरत, शौचकूपाखालची टोपली उचलून डोक्यावर घेत आणि गाडीपर्यंत नेऊन रिती करीत. बिगारी रस्ते झाडीत, कचरा उपशीत. पोट भरण्यासाठी परगावाहून मुंबईत आलेली ही माणसे. ज्या घराला त्यांचा स्पर्श चालत नसे, ते घर त्यांच्यावाचून दोन दिवसही राहण्याजोगे उरत नसे. हे शहराला ठाऊक होते, म्हणूनच त्यांना बांधून ठेवण्याची तजवीज आधीच झालेली होती. १८८९ साली हलालखोरांनी संप केला. पाठोपाठ १८९० मध्ये कायदा आला आणि पूर्वसूचना दिल्यावाचून काम सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी फर्मान काढले. प्लेगचा रुग्ण सापडला की त्याला सक्तीने वेगळे करून इस्पितळात न्यावयाचे. आजच्या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे वावगे वाटणार नाही. त्या वेळच्या माणसाला मात्र इस्पितळ हा मृत्यूचा दरवाजाच वाटे. आत गेलेला परत येत नाही, नात्यागोत्याचे तोंड दिसत नाही, मेल्यावर आपल्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होत नाही, ही भीती खरीच होती. तिच्या जोडीला अफवा होत्या. रुग्णाला मुद्दाम मारतात, त्याच्या अंगातून तेल काढतात, असे लोक एकमेकांना सांगत. शिकलेल्यांनी त्याला अडाणीपणा म्हणावे, हे सोपे आहे. पण ज्याच्याशी कोणी कधी बोलले नाही, ज्याला कशाचेही कारण कोणी समजावून दिले नाही, त्याने दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवावा?

ही धास्ती हलालखोरांच्या वस्तीतही पोहोचली. त्यांच्या बाबतीत तर ती दुहेरी होती. साथ ज्या घरांत होती त्यांच्याच मागच्या बोळांत त्यांना रोज शिरावे लागे. ताप आला तर उचलून नेणार आणि घरात बायकामुलांकडे पाहणारे कोणी नाही. ते गावी निघून जाण्याच्या गोष्टी बोलू लागले.

स्नोसाहेबांपुढे पेच पडला. कायदा त्यांच्या हाती होता. पळणाऱ्यास तुरुंगात घालता आले असते. परंतु हजारो माणसांना तुरुंगात घातल्यावर टोपल्या कोणी उचलावयाच्या? साथीसंबंधीच्या आपल्या अहवालात त्यांनी हा विचार लपवून ठेवलेला नाही. डॉक्टर गेले तर शहर तग धरील, व्यापारी गेले तरी धरील. हलालखोर आणि बिगारी गेले, तर मुंबईत माणसाला राहता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. त्यातच २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, सक्ती सैल करण्यात आली. ज्याची घरीच व्यवस्था होऊ शकते त्याला ओढून नेले जाणार नाही, असे जाहीर झाले. हलालखोरांचा जीव भांड्यात पडला. ते मोठ्या संख्येने निघून गेले नाहीत आणि शहर तगले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कमिशनरांच्या या माघारीला दया म्हणता येणार नाही. दुर्गंधीचे भय हेच तिचे मूळ. पण इतिहासात पुष्कळदा असेच घडते की, योग्य गोष्ट अयोग्य कारणासाठी केली जाते, आणि ती केल्यावर तिच्यातील शहाणपण उघडे पडते. जे काम १८९० च्या कायद्याच्या धाकाने झाले नसते ते एका आश्वासनाने झाले. हलालखोरांनी काही मोठे मागितले नव्हते. आजारी पडलो तर आमचे काय होईल ते आधी सांगा, इतकाच त्यांचा प्रश्न होता. मालकवर्गाला त्या वर्षी हा धडा आणखी एका रीतीने मिळाला. गिरण्यांत महिन्याचा पगार मागे ठेवून देण्याची रीत होती, म्हणजे माणूस सहसा सोडून जात नसे. साथीत तीच रीत अंगाशी आली. उद्या जिवंत असू की नाही याची खात्री नसलेला कामगार पुढल्या महिन्याच्या पगारावर काम करीना. अखेर रोजच्या रोज रोख मजुरी देण्याची वेळ आली आणि नाक्यानाक्यावर गिरण्यांची माणसे चढाओढीने कामगारांना बोलावू लागली.

ही सवलत फार काळ टिकली नाही, हेही सांगावयास हवे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला, मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. ९ मार्च १८९८ च्या दंगलीनंतर सरकारला पुन्हा नरम व्हावे लागले.

आता इस्पितळाच्या भिंतीआड काय चालले होते ते पाहू. बाहेर दगड घेतलेला जमाव आणि आत प्लेगचे रुग्ण, यांच्या मध्ये परिचारिका, वॉर्डबॉय आणि मेहतर उभे होते. रुग्णाच्या श्वासानेच रोग लागतो असे ते समजत. गंमत अशी की प्लेगच्या इस्पितळांत शुश्रूषा करणाऱ्यांना लागण फार क्वचित होई. पुढे भारतीय प्लेग आयोगानेही या गोष्टीची नोंद घेतली. कारण मात्र तेव्हा कोणाला उमगले नव्हते. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता. तो उंदरावरील पिसवांतून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. मांडवीच्या वखारींत उंदीर होते, स्वच्छ वॉर्डात नव्हते. गाठीच्या प्लेगमध्ये वॉर्ड हा घरापेक्षा सुरक्षित होता. ज्यांना हे कळले असते तर निम्मा घोर हलका झाला असता, ते तो सारा घोर पोटात घेऊन रात्रपाळी करीत राहिले.

आपल्या लोकांच्या घरी त्या काळाची एक खूण अजून आहे. वांद्र्यात, गिरगावात, मुंबईच्या जुन्या गावठाणांत प्लेगच्या वर्षांत उभारलेले क्रूस आजही दिसतात. कोणी घरातील माणसे वाचली म्हणून, कोणी गेलेल्यांच्या स्मरणार्थ ते उभारले. कित्येकांवर कुटुंबांची नावे आणि साल कोरलेले आहे. मागच्या बोळातील टोपल्या उचलणाऱ्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत.

येथे एक अवघड गोष्ट मांडतो. ख्रिस्तसभेला साथीतील सेवेचा मोठा वारसा आहे. मिलानचे महाधर्माध्यक्ष संत चार्ल्स बोरोमिओ १५७६ च्या प्लेगमध्ये शहर सोडून गेले नाहीत. संत अलॉयशियस गोन्झागा रोममध्ये रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १५९१ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी मरण पावले. आम्ही व्यासपीठावरून त्यांची उदाहरणे देतो आणि ती द्यावीतच. पण अलॉयशियसने ती सेवा स्वतः निवडली होती. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या, काम सोडले तर तुरुंग ठरलेल्या माणसाला आपण त्यागमूर्ती म्हणून गौरवितो तेव्हा त्याच्या मालकाचे ओझे नकळत हलके करतो. त्याग मागून घेता येत नाही. मागून घेतला तर तो वेठ होतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या, त्यामागची भावना मी खोटी मानत नाही. मात्र टाळी वाजवून देणे पुरे होत नसते.

आणि भय बोलून दाखविण्याचे काय? डॉ. व्हिएगस यांनी अप्रिय सत्य सांगितले आणि ते निभावले, याला त्यांचे धैर्य कारण होतेच, पण आणखी एक कारण होते. ते कोणाचे नोकर नव्हते. स्वतंत्र व्यवसाय, शिवाय महापालिकेत हक्काची जागा. सव्वाशे वर्षांनी चीनमधील वुहान शहरात डॉ. ली वेनलियांग या नेत्रतज्ज्ञाने ३० डिसेंबर २०१९ रोजी सहकाऱ्यांना नव्या आजाराविषयी सावध केले. ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी अफवा पसरविल्याचा ठपका ठेवून त्यांच्याकडून लेखी हमी घेतली. ते पुन्हा कामावर गेले, रुग्णाकडून त्यांना लागण झाली आणि ७ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. मार्चमध्ये तो ठपका मागे घेण्यात आला. दोन डॉक्टरांच्या निदानात फारसा फरक नव्हता. फरक होता तो त्यांच्या पायाखालच्या जमिनीत.

त्याच वर्षी आपल्याकडे मंदिरे बंद असताना आम्ही धर्मगुरू लोकांशी फोनवरच बोलत होतो. शहरातील एका रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेने मला सांगितले, “फादर, रोगाची भीती वाटतच नाही असं नाही, पण तिची सवय झाली. तोच मास्क पुन्हा वापरायला लावतात हे मेट्रनला सांगायची भीती वाटते. आणि परत आल्यावर बिल्डिंगच्या जिन्यात लोक दार लावून घेतात ना, त्याची.” आपल्या धर्मग्रामांतील किती घरांतून मुली या सेवेत आहेत हे वाचकांना सांगावयास नको. तिच्या तीन वाक्यांत १८९६ चे हलालखोर मला ऐकू आले. त्यांचाही धसका जंतूपेक्षा माणसांचाच अधिक होता.

आर्थर रोड इस्पितळाला आज कस्तुरबा रुग्णालय म्हणतात. मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोरोना रुग्ण तेथेच ठेवले गेले. १८९७ चा तो साथरोग कायदाही तेव्हा जसाच्या तसा जिवंत होता. अवघी चार कलमे! त्यांतील चौथे कलम संरक्षणाचे, पण ते न्यायालयापासून: कायद्याप्रमाणे सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. वॉर्डाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला दगडापासून वाचविणारे त्यात काहीच नव्हते. २०२० च्या एप्रिलमध्ये डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा २२ तारखेला वटहुकूम निघाला आणि सप्टेंबरमध्ये संसदेने दुरुस्तीचा कायदा केला. आरोग्यसेवकावर हात उचलणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला आणि गंभीर दुखापतीस सात वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. एकशे तेवीस वर्षे लागली. तत्पूर्वी २६ मार्च रोजी सरकारने सुमारे बावीस लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकी पन्नास लाख रुपयांचा विमा जाहीर केला होता आणि त्या घोषणेत रुग्णालयातील सफाई कामगार व वॉर्डबॉय यांचा नावानिशी उल्लेख होता. तो विमा अर्थातच मृत्यूनंतरचा. दुरुस्त कायद्याच्या व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी आणि गावपातळीवरील आरोग्यसेवक यांची नावे आहेत. सफाई कामगाराचे नाव तेथे स्वतंत्रपणे घातलेले नाही. राज्य सरकारला वाटल्यास अधिसूचना काढून ते घालता येते.