लँकेस्टरचा कॅप्टन

शाळेत आपण दुसरे महायुद्ध सनावळ्यांपुरते पाठ केले. विमानातल्या माणसांकडे मी निवृत्तीनंतर वळलो. ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बरमध्ये सातजण, पण वैमानिक एकच. वैमानिक घडवायला फार वेळ लागे, म्हणून १९४२ मध्ये दुसऱ्याच्या जागी फ्लाइट इंजिनिअर आला. हुद्दा काहीही असो, कॅप्टन वैमानिकच. सार्जंट वैमानिकाचा हुकूम अधिकारीही पाळत. (आपल्या मॉनिटरला हे सुख कुठले!) लक्ष्यावर मात्र तो पुढे पालथ्या पडलेल्या बॉम्ब-एमरचे ऐके. बॉम्ब टाकल्यावरही फोटोसाठी विमान सरळ ठेवायचे, खालून तोफांचा मारा चालू असताना. मला हेच सर्वांत अवघड वाटते. विमान पेटले, तर इतरांना उड्या मारता याव्यात म्हणून तो ते सावरून धरी. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण गेले, बहुतेक विशीतले.